बिडकीनला कार येणार म्हणून आत्ताच मोठा प्रेस घ्यावा का?

तीनप्रेसवाला

नमस्कार मंडळी. संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीच्या के सेक्टरात भाड्याच्या शेडमध्ये माझं छोटं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून कापायचं-वाकवायचं काम. ३० टनी, ६३ टनी आणि १०० टनी असे तीन प्रेस, मला धरून सात माणसं. काम सगळं दुचाकीचं, थोडं रिक्षाचं. साइड स्टँडची पट्टी, सायलेन्सरचा क्लॅम्प, बॅटरीचा ट्रे, असलं किरकोळ. कंपनीच्या गेटातून माझी गाडी आजवर आत गेलेली नाही. मी ज्याला माल देतो तो वेल्डिंग करून, रंगवून पुढच्याला देतो आणि तो पुढचा कंपनीला.

आता प्रश्न. २०२४ च्या जुलैत इथल्याच बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी टोयोटा किर्लोस्करचा सरकारशी करार झाला, २० हजार कोटींचा. त्याच महिन्यात जेएसडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या २७,२०० कोटींची बातमी आली. त्याआधी एथरच्या स्कूटरची. तेव्हापासून वाळूजच्या हरेक टपरीवर एकच विषय, चारचाकी. ज्याच्याकडं दोन लेथ आहेत तो पण म्हणायलाय, आता आपण कारचं काम करणार.

भोसरीत एक वापरलेला २५० टनी प्रेस आहे. ३४ लाख मागायलेत, वाहतूक आणि फाउंडेशन वेगळं. माझा मेव्हणा एका पतसंस्थेत आहे. तो मागं लागलाय की बजाजनगरचं घर तारण ठेव, कर्जाचं मी बघतो, कंपनी सुरू झाल्यावर प्रेस घ्यायला जाशील तेव्हा भाव डबल झालेला असेल. बायको म्हणते, आधी शेडचा पत्रा बदला, पावसात १०० टनीवर पाणी गळतं. गळतं हे खरंय, वर प्लास्टिक बांधलंय.

घेतला आणि काम नाही आलं तर घर जाईल. नाही घेतला तर बाहेरचे येऊन काम घेऊन जातील आणि आपण बघत बसू. वर दुसरी धास्ती अशी की सायलेन्सरचा क्लॅम्प म्हणजे माझ्या धंद्याचा तिसरा हिस्सा, आणि इलेक्ट्रिक स्कूटरला सायलेन्सरच नसतो. कोणी चारचाकीचं काम प्रत्यक्ष केलेलं असेल त्यानं सांगावं. नुसतं 'हिंमत करा' म्हणणारे घरात पुष्कळ आहेत.

निवांत

२०१० ला याच शहरानं एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. तेव्हा पण म्हणायचे, आता इथं कारचा जमाना येणार. घेऊन टाका प्रेस, होऊ द्या खर्च.

जुना सेटर

निवांतभाऊ, या माणसाचं घर तारण चाललंय, चेष्टा नंतर करा.

तीनप्रेसवाले भाऊ, आधी त्या भोसरीच्या माणसाला फोन करून सांगा, पोळा झाल्यावर बघू. पोळा झाला की दिवाळी झाल्यावर बघू म्हणा. वापरलेला मोठा प्रेस कुठं पळून जात नसतो, तो दर वर्षी विकायलाच असतो. का असतो ते खाली सांगतो, कारण तसा एक मी विकलाय.

मी गंगापूर तालुक्यातला. आयटीआय करून १९८७ ला वाळूजला एका शॉपमध्ये हेल्पर लागलो, मग सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (पत्रा कापायचा-वाकवायचा साचा) चढवणारा, मग टूलरूम, मग स्वतःचे दोन प्रेस. आता शॉप पोरगा बघतो, मी कोपऱ्यात डाय उघडून बसतो. बजाजचा कारखाना सोळा महिन्यांत उभा राहिला आणि १९८५ ला सुरू झाला, हे सगळे कौतुकानं सांगतात. त्याच्या मागं पुरवठादार उभे राहायला किती वर्षं गेली हे कोणी मोजत नाही. मी लागलो तेव्हा आमच्या शॉपची डाय पण पुण्याहून यायची आणि मोडली की पुण्यालाच जायची. डाय परत येईपर्यंत आम्ही प्रेसला ग्रीस लावत बसायचो. हळूहळू एकेक काम इकडं सरकलं. एन्ड्युरन्स, व्हेरॉक ही आज देशभर माहीत असलेली नावं याच माळावर वाढली, पण ती एका रात्रीत नाही वाढली, आणि वाढली ती दुचाकीच्या जिवावर.

कार पण आपल्या गावाला नवी नाही. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया निघायला लागली, पुढं तिथंच ऑडी जोडल्या. मग इतक्या वर्षांत आपली शॉपं कारवाली का नाही झाली? तिथं जास्त करून भाग पेट्यांतून यायचे. तयार गाडी परदेशातून आणली तर कर डोईजड होतो, सुट्या भागांवर कमी पडतो, म्हणून भाग आणायचे आणि इथं जोडायचे. अशा जागी जोडणारा लागतो, तपासणारा लागतो. पत्रा कापणाऱ्याला तिथं काय काम?

मारुतीचं वेगळं झालं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० निघाली तेव्हा आतला माल बहुतेक जपानचाच होता. पण टप्प्याटप्प्यानं भाग इथंच बनवायचे ही सरकारची अट होती, आणि मारुतीनं स्वतः भागीदारी घालून पुरवठादार उभे केले. गुडगावच्या आसपासची शॉपं त्यातून वाढली. नंतर १९९६ ला ह्युंदाई चेन्नईजवळ आली, ती कोरियातले पुरवठादार संगती घेऊनच आली. म्हणून मी 'गाडी येणार' ऐकलं की एवढंच विचारतो, पत्रा कुठं कापणार आणि कापणारा कोण? टोयोटाचा पहिला कारखाना बंगळूरजवळ बिडदीला आहे (बिडदी आणि बिडकीन, आमच्या नातवाला एकच गाव वाटतं). तिथंही शेजारी त्यांच्या ओळखीचे पुरवठादार बसलेत. इथं पहिल्या फळीत, म्हणजे थेट कंपनीला माल देणारे, तसेच कोणी येतील. आपण त्यांच्या मागं दुसऱ्या-तिसऱ्या फळीत, म्हणजे तुम्ही आज जिथं आहात तिथंच. त्यात लाज नाही, पण ३४ लाखाचं पाऊल टाकताना आपण कुठं उभे आहोत ते माहीत पाहिजे.

आता माझी गोष्ट. २००७ ला एका चारचाकीच्या पुरवठादाराचा माणूस माझ्या शॉपला आला. नाव नाही सांगत, उपयोग नाही. मागच्या सीटखालचा एक ब्रॅकेट, डावा-उजवा. कागदावर महिन्याला सहा हजार जोड. मी २०० टनी प्रेस घेतला, अर्धं कर्ज, अर्धे बायकोचे दागिने आणि थोरल्या भावाचे उसने. पूजा केली, पेढे वाटले. पहिल्या महिन्याचं शेड्यूल आलं सातशे जोड. म्हटलं सुरुवात आहे, वाढेल. वर्षभरात अठराशेच्या वर कधी गेलंच नाही. पुढं मंदी आली, आणि अडीच वर्षांत ते मॉडेलच बंद. कागदावरचे सहा हजार हा त्यांचा अंदाज होता, वचन नव्हतं. अंदाज चुकला तर त्यांचा एक कागद बदलतो, आपला हप्ता बदलत नाही. तो प्रेस चार वर्षं ताडपत्रीखाली होता. कुत्री त्याच्या आडोशाला व्यायची. शेवटी नऊ लाखाला गेला. घेणाऱ्यानं पण तेव्हा पेढे वाटले असतील.

मोठा प्रेस लागेल हे तुम्हाला कोणी सांगितलं? मेव्हण्यानं? तुम्ही स्वतः हिशेब केला का? मी करून दाखवतो, वहीत लिहून घ्या. कापायला लागणारं वजन म्हणजे कापाचा घेर गुणिले पत्र्याची जाडी गुणिले पत्र्याची कातर सहन करायची ताकद. समजा ब्रॅकेटचा घेर ६०० मिलिमीटर, पत्रा अडीच मिलिमीटर. गुणाकार १५००. साधा माइल्ड स्टीलचा पत्रा असेल तर चौरस मिलिमीटरला ३२ किलो धरा, झाले ४८ टन. कारमध्ये आता हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा पत्रा येतो, ५९० मेगापास्कलवाला. त्याला ४८ किलो धरा, झाले ७२ टन. वर वीस-पंचवीस टक्के हाताशी ठेवा, नव्वदच्या आत बसलं. म्हणजे तुमचा गळक्या पत्र्याखालचा १०० टनी तेवढं काम करतो. फक्त एक लक्षात ठेवा, १०० टनीची पूर्ण ताकद स्ट्रोकच्या, म्हणजे प्रेसच्या खाली-वर फेरीच्या, अगदी खालच्या टोकापाशीच मिळते, वर नाही. आणि हाय टेन्साइल कापताना पत्रा एकदम तुटतो, तेव्हा प्रेस उलटा धक्का खातो. बंदुकीसारखा आवाज होतो. जुन्या प्रेसचं बेअरिंग आणि क्लच असल्या धक्क्यानंच जातात. पंचाची (डायच्या कापणाऱ्या भागाची) धार पण टिकत नाही. माझा साध्या पोलादाचा पंच माइल्ड स्टीलवर महिनाभर चालायचा, या पत्र्यावर अठराशे ठोक्यांत त्याची कड उडाली, आणि ती उडालेली आम्हाला कळली नाही. पुढचे चारशे नग बर्रवाले, म्हणजे कापाच्या कडेला खरबरीत धार राहिलेले, गेले. ते परत आले, वर डेबिट नोट (आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली, त्यात त्यांची लाइन थांबल्याचे पैसे पण लावलेले.

२५० टनी लागतो तो मोठ्या, खोल वाकवायच्या कामाला, नाहीतर एकाच डायमध्ये ओळीनं अनेक टप्पे असलेल्या लांबलचक प्रोग्रेसिव्ह डायला, जिला बेड मोठा पाहिजे. ते काम तिसऱ्या फळीकडं पहिल्या दिवशी कोणी देत नाही.

आणि खरी मेख टनात नाहीच. ती डाय बदलायच्या वेळात आहे. तुमच्याकडं डाय बदलायला किती वेळ लागतो? मोजलाय का कधी? लोक 'अर्धा तास' म्हणतात आणि मोजला की दोन तास निघतो. दुचाकीला ते खपून जातं, कारण एकदा डाय चढवली की दोन शिफ्ट तीच चालते, हजारोंनी नग लागतात. २०२४-२५ मध्ये देशात दुचाक्या विकल्या १ कोटी ९६ लाख आणि प्रवासी गाड्या ४३ लाख, आणि त्या ४३ लाखांत किती तरी मॉडेलं. वर्षाला लाखभर खपणारं मॉडेल म्हणजे चांगलं चाललेलं मॉडेल. दिवसाला साधारण ३३३ गाड्या. डावा-उजवा मिळून ६६६ नग. हातानं भरायच्या प्रेसवर तासाभराचं काम. म्हणजे तासभर ठोकायचं आणि दोन तास डाय बदलायची. दिवसात तीन कामं केली की दिवस संपला. आठवड्याचा माल एकदम ठोकून ठेवतो म्हणाल तर तो पडून राहणार तुमच्या शेडमध्ये, पैसा अडकणार तुमचा, आणि मधेच ड्रॉइंग बदललं तर भंगार पण तुमचंच.

गंमत अशी की हा धडा टोयोटाच्याच कारखान्यातला आहे. १९६९ च्या सुमाराला तिथं हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास जायचे. शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनियरनं तो वेळ आधी दीड तासावर आणला, मग तीन मिनिटांवर. जादू नाही केली. जी कामं प्रेस चालू असताना बाजूला करून ठेवता येतात ती प्रेस बंद असताना करायची नाहीत, एवढं धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. डाय आधी काढून ट्रॉलीवर ठेवायची, पट्ट्या, बोल्ट, पाना सगळं हाताशी, सगळ्या डायची उंची एकसारखी करून घ्यायची, बोल्ट अर्ध्या फेरीत आवळला जाईल असा क्लॅम्प.

म्हणून सांगतो, ३४ लाखांतले दोन लाख खर्च करा. पत्रा बदला, वहिनींचं बरोबर आहे. मग डायच्या उंच्या एक करून घ्या, एक ट्रॉली बनवा. एक घड्याळ घ्या.

मोसंबीवाला

आमचं शिवार बिडकीनजवळ. जमीन संपादनात गेली त्याला दहा-बारा वर्षं झाली. आतले रस्ते बघाल तर डोळे दिपतात, चौपदरी, दोन्हीकडं दिवे, नाल्या बांधलेल्या. रात्री पैठण रोडनं जाताना परदेशात आल्यासारखं वाटतं. पण मधले पुष्कळ प्लॉट वर्षानुवर्षं मोकळेच होते, तिथं बाभळी उगवल्या आणि आमच्याच शेरड्या चरल्या. म्हणून सेटरकाकांचं पटतं. करार झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी भोंगा वाजत नाही.

आमच्या गावात पैसे आले तेव्हा पहिल्या वर्षी घरं झाली, दुसऱ्या वर्षी गाड्या. मी पण घेतली एक जीप. तिसऱ्या वर्षी ती लग्नाच्या वरातींना भाड्यानं द्यायला लागलो. मोसंबीची साडेतीनशे झाडं होती, ती तोडताना आमच्या म्हातारीनं दोन दिवस जेवण नाही केलं. ते असू द्या, विषय वेगळाय.

माझा प्रश्न पोराचा आहे. डिप्लोमा मेकॅनिकल झालाय. सध्या शेंद्र्याला एका ठिकाणी गुत्तेदारामार्फत जातो, दर सात महिन्यांनी ब्रेक. सगळे म्हणतात, टोयोटा आली की भूमिपुत्रांना आधी घेणार. त्यानं वाट बघावी का पुण्याला जावं?

जुना सेटर

मोसंबीवाले दादा, गेटवर वाट बघण्यात पोराची उमेदीची वर्षं घालवू नका. कारच्या कारखान्यात बॉडीचं वेल्डिंग यंत्रमानव करतात, तिथं हात कमी लागतात. माणसं जास्त लागतात ती मागच्या पुरवठादारांच्या शॉपांत, आणि तिथं टंचाई आहे ती डाय बनवणाऱ्याची, डाय दुरुस्त करणाऱ्याची. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं जाऊन कोर्सची चौकशी करा. ज्याला मोडलेली डाय रात्रीत उभी करता येते त्याला सात महिन्यांचा ब्रेक कोणी देत नाही. उलट शेजारचा शॉपवाला फोडायला बघतो. माझ्याकडचे दोन असेच गेले, दोघांच्या लग्नाला मी आहेर घेऊन गेलो होतो.

म्हातारीचं वाचून वाईट वाटलं.

तीनप्रेसवाला

काका, तुमचं लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं, एकदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्र्याच्या ओळीला तिनं पुन्हा वाचा म्हटलं.

आज ६३ टनीवर डाय बदलताना घड्याळ लावलं. मी सगळ्यांना चाळीस मिनिटं सांगत आलोय. निघाले १ तास ५२ मिनिटं. त्यात सव्वीस मिनिटं नुसत्या पॅकिंगच्या, म्हणजे उंची जुळवायच्या पट्ट्या शोधण्यात. एक पट्टी दरवाजाला अडसर म्हणून लावलेली सापडली.

दोन गोष्टी विचारतो. एक, सायलेन्सरच्या क्लॅम्पचं काय करू? दोन, चारचाकीचा कोणी खरंच दारात आला तर त्याला काय काय विचारायचं?

चाकणमुक्कामी

मी मूळ अंबडचा, सध्या चाकणला एका सीट बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या शॉपला जाऊन चुका काढायचा पगार घेतो. सेटरकाकांनी टनाचं आणि डायचं सांगितलंय त्यात भर घालायची माझी लायकी नाही, पण टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

आम्ही शॉपला आलो की तुम्ही आम्हाला ऑफिसात बसवता, काजू ठेवता. माझं लक्ष भंगाराच्या पेटीकडं असतं. त्यातले खराब नग लाल रंग मारलेले आहेत का चांगल्यांत मिसळायच्या तयारीत पडलेत, हे एका नजरेत कळतं. दुसरं, डायच्या रॅककडं बघतो. डायवर शेवटची धार कधी लावली, त्यानंतर किती ठोके झाले, याचा कागद आहे का? काकांचे जे चारशे नग गेले ते त्या एका कागदामुळं वाचले असते. कारमध्ये सीट किंवा सीट बेल्टच्या आसपासचा ब्रॅकेट असेल तर कुठल्या कॉइलचा पत्रा, कुठल्या तारखेला, कोणत्या शिफ्टला कापला, हे कित्येक वर्षांनी पण सांगता आलं पाहिजे. हे 'आमचा माणूस तोंडी सांगेल' यावर भागत नाही. तुमच्याकडं आयएटीएफ (वाहन पुरवठादारांचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र) नसेल तर नसू द्या, तिसऱ्या फळीत आधी आयएसओवर पण काम मिळतं. पण वही खरी पाहिजे. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनानं भरलेली सहा महिन्यांची वही आम्ही लांबून ओळखतो. महिना कोणताही असो, अक्षर एकच, आणि एकही चहाचा डाग नाही.

क्लॅम्पबद्दल. नीट बघा, तुमची धास्ती कारकडून नाहीच, स्कूटरकडून आहे. टोयोटाच्या त्या करारात इलेक्ट्रिकबरोबर हायब्रिड गाड्यांचाही उल्लेख आहे, आणि हायब्रिडला इंजिन असतं, सायलेन्सर असतो, त्याचे क्लॅम्प आणि उष्णता अडवणारे पत्रे असतात. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं जातं, पण बॅटरीच्या पेटीचे ब्रॅकेट, वायरिंग धरणाऱ्या पट्ट्या, तांब्या-ॲल्युमिनियमच्या जोडपट्ट्या येतात. तांब्याच्या पट्टीला तुमचा ३० टनी पण पुरतो. फक्त तिथं बर्र अजिबात चालत नाही, आणि लोखंडाचा कण त्या मालात मिसळला तर पूर्ण लॉट परत. वेगळा कोपरा, वेगळी टेबलं करावी लागतात. मला विचाराल तर तुमचा पुढचा पैसा त्या कोपऱ्यावर लागावा. २५० टनी नंतर.

जुना सेटर

चाकणमुक्कामी साहेब, वहीचं बरोबर पकडलंत. आमच्याकडं पण एकाच पेनाची एक होती.

तीनप्रेसवाले भाऊ, दारात आलेल्याला काय विचारायचं ते.

डाय कोणाची? डायचे पैसे तो देणार का तुम्ही घालून नगामागं वसूल करायचे? नगामागं म्हणाला तर किती नगांवर वाटले ते लिहून घ्या आणि तेवढे नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम कोण देणार तेही लिहून घ्या. मी हे तोंडी घेतलं होतं. तोंडी घेतलेलं तोंडातच राहतं.

पत्रा कोण देणार? त्याचा पत्रा आणि तुमची फक्त मजुरी असेल तर भंगार कोणाचं? बऱ्याच जॉबवर्कमध्ये नफा भंगारातच असतो, ते त्यानं घेतलं तर तुम्ही विजेच्या बिलापुरतं कमावता.

पैसे किती दिवसांनी? सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंद आहे ना तुमची? लहान उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि आता तेवढ्यात दिले नाहीत तर देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच तो खर्च आयकरात दाखवता येतो, म्हणून मोठे लोक पण जरा जागे झालेत. तरी काही जण बिल उशिरा स्वीकारून दिवस पुढं ढकलतात. चलनावर तारखेसहित सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणायचा नाही, ड्रायव्हरला सांगून ठेवा.

मॉडेल जुनं का नवं? नवं असेल तर शेड्यूलचा चौथा हिस्सा धरून हप्ता बसतो का ते बघा. बसत असेल तर उतरा.

आणि तुमच्यासारखे सहा-सात जण के सेक्टरातच असतील. एखाद्याकडं २५० टनी रिकामा उभा असेलच, ताडपत्रीखाली. मोठं काम आलंच तर पहिलं वर्षभर त्याच्याकडं तासावर भाड्यानं ठोका. त्याचा हप्ता निघेल, तुमचं घर राहील. मला २००७ ला हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी पेढे वाटायची हौस होती.

निवांत

सेटरकाका, चेष्टा मागं घेतो. भाड्यानं द्यायचा एक २०० टनी आमच्याकडं आहे, एम सेक्टरात. ताडपत्री निळी आहे. तीनप्रेसवाले, मेसेज करा.

तीनप्रेसवाला

निवांतभाऊ, हे आधी सांगायचं नाही का! मेसेज केलाय.

भोसरीला फोन केला. पोळ्यानंतर बघू म्हटलं. तो म्हणाला ३१ लाखाला देतो. मी अजून काही बोललोच नव्हतो.

पत्र्याचं काम कालपासून सुरू आहे. ६३ टनीच्या शेजारी भिंतीला फळी ठोकून सगळ्या पट्ट्या जाडीप्रमाणं टांगल्या. आज परत डाय बदलली, ४७ मिनिटं. घड्याळ बायकोच्या हातात होतं. तिचं म्हणणं, त्यातली नऊ मिनिटं मी फोनवर मेव्हण्याशी बोलत होतो, ती धरायची का नाही?

जुना सेटर

धरायची. आणि पट्ट्यांना जाडीप्रमाणं वेगवेगळा रंग मारा, नाहीतर आठ मिलिमीटरची पट्टी दहाच्या खुंटीला लागते आणि तुम्हाला पहिला नग वाकडा निघाल्यावर कळतं.